जुनी स्पोर्ट्स कार घेताना मॅन्युअल की ऑटोमॅटिक : निर्णय कोणत्या क्रमाने घ्यायचा

गोव्यात जुनी स्पोर्ट्स कार घेणारे बरेच जण गाडी बघायला निघण्याआधीच गिअरबॉक्स ठरवून बसतात. एक म्हणतो, क्लच नसेल तर ती स्पोर्ट्स कार कसली? दुसऱ्याला पर्वरीच्या ट्रॅफिकची धास्ती असते, त्याला ऑटोमॅटिकच हवी असते. मग दोघंही त्या एका अटीत बसणारी, रंग चकचकीत असलेली गाडी उचलतात आणि पहिल्याच पावसाळ्यानंतर गिअरबॉक्स खाली उतरवायची पाळी येते.

इथे क्रम उलटा होतो. आधी गाडी कुठे आणि कोण चालवणार ते ठरवा. मग त्या मॉडेलला कारखान्यातून कोणता गिअरबॉक्स आला होता ते बघा. मग कागद. मग समोर उभ्या असलेल्या त्या एका गाडीचा गिअरबॉक्स. आणि टोकन देण्याआधी, तो बिघडला तर उघडणार कोण, हे. साठ-सत्तरच्या दशकातल्या गाडीत गिअरबॉक्सच्या प्रकारापेक्षा त्याच्या प्रकृतीला जास्त महत्त्व आहे. नीट राखलेला ऑटोमॅटिक हा खिळखिळ्या मॅन्युअलपेक्षा केव्हाही बरा, आणि उलटही तितकंच खरं.

## १. गाडी कुठे चालणार ते कागदावर लिहा

मनात ठरवू नका, लिहा. लिहिताना माणूस जरा खरं बोलतो. रविवारी सकाळी सहाला पणजीहून निघून चोर्ला घाट चढायचा आणि दहाच्या आत परतायचं, असा वापर असेल तर मॅन्युअलसारखी मजा नाही. घाटात दुसरा-तिसरा गिअर स्वतः निवडता येतो, उतारावर गाडी इंजिनावर धरता येते, ब्रेक तापत नाहीत. पण गाडी प्रत्यक्षात संध्याकाळी म्हापसा ते कळंगुट जायलाच निघणार असेल आणि डिसेंबरात तिथे तास-तास रांगेत उभी राहणार असेल, तर जुन्या ब्रिटिश गाडीचा जड क्लच तुमचा गुडघाही दमवेल आणि स्वतःही झिजेल.

आणखी तीन गोष्टी लिहा. घरातलं दुसरं कोण चालवणार? गाडी पावसाळ्यात कुठे उभी राहणार, बंद गॅरेजमध्ये की पत्र्याखाली? आणि रोजच्या वाटेवर अवघड चढ कोणता? आल्तिनोच्या चढावर पुढची गाडी थांबली की मागे न सरकता निघता आलं पाहिजे. दिवाडीला फेरीने जाणाऱ्यांनी धक्क्याचा ओला उतार लक्षात घ्यावा. तिथे हाफ क्लचवर गाडी धरून ठेवायची सवय असेल तर क्लच प्लेट फार काळ टिकणार नाही. चढावर गाडी नेहमी हँडब्रेकवर धरायची. म्हणजेच हँडब्रेक धड असलेली गाडी घ्यायची, आणि जुन्या गाड्यांत तो धड असेलच असं नाही.

तपासा : गाडीत बसून इंजिन बंद ठेवून क्लच वीस-तीस वेळा पूर्ण दाबा, गुडघा किती दमतो ते कळेल. पोर्तुगीज काळात आलेल्या किंवा युरोपातून आणलेल्या काही गाड्यांचं स्टिअरिंग डावीकडे असतं. अशा गाडीत गिअर उजव्या हाताने टाकावे लागतात आणि ओव्हरटेक करताना समोरचा रस्ता दिसत नाही. मॅन्युअल आणि डावं स्टिअरिंग दोन्ही एकदम शिकणार असाल, तर पहिले काही महिने मोकळ्या रस्त्यावरच काढावे लागतील हे धरून चला.

## २. त्या मॉडेलला मुळात काय होतं ते शोधा

जाहिरातीत ‘ऑटोमॅटिक’ वाचून आजच्या गाडीसारखं काही समोर आणू नका. प्रत्येक मॉडेलची तऱ्हा वेगळी आहे.

एमजीबी (१९६२ ते १९८०). सुरुवातीच्या गाड्यांना पहिल्या गिअरला सिंक्रो (गिअर न खरखरता पडावा म्हणून वेग जुळवणारी कडी) नाही, म्हणजे गाडी पूर्ण थांबल्याशिवाय पहिला पडत नाही, पडला तर खरखरतो. १९६७च्या शेवटी आलेल्या मार्क टूपासून चारही गिअरना सिंक्रो आहे. त्याच सुमारास बोर्ग-वॉर्नर ३५ हा तीन गिअरचा ऑटोमॅटिक पर्याय आला आणि १९७३मध्ये बंद झाला. बऱ्याच मॅन्युअल गाड्यांवर लेकॉकचा ओव्हरड्राइव्ह असतो, म्हणजे त्याच वेगाला इंजिन सावकाश फिरू देणारा, बटणावर चालणारा जादा गिअर. माझ्या मते एमजीबी घ्यायची तर ओव्हरड्राइव्ह चालू असलेली मॅन्युअलच घ्यावी. झुआरी पुलावरून मडगावकडे जाताना इंजिनाचा आवाज एकदम उतरतो आणि गाडी निवांत पळते.

जॅग्वार ई-टाइप. १९६१ ते १९६४च्या ३.८ लिटर गाडीचा मॉस गिअरबॉक्स मजबूत आहे, पण सावकाश चालतो आणि पहिल्याला सिंक्रो नाही. ४.२ लिटर गाडीला सगळ्या गिअरना सिंक्रो आला. ऑटोमॅटिक १९६६च्या टू प्लस टूपासून (मागे दोन छोट्या सीट असलेली लांब गाडी) मिळाला. नंतर १९७१च्या व्ही-१२ गाडीत तो उघड्या आणि टू प्लस टू अशा दोन्ही बॉडींना मिळू लागला.

मर्सिडीज एसएल. इथे चित्र पालटतं. १९७१ ते १९८९च्या आर१०७ पिढीत ४५० एसएल, ३८० एसएल, ५६० एसएल या गाड्या ऑटोमॅटिकच होत्या. मॅन्युअल हवी तर २८० एसएल किंवा ३५० एसएल शोधावी लागते. या गाडीला ऑटोमॅटिक शोभतो. ती लांब पल्ल्याला आरामात पळण्यासाठीच बांधलेली आहे, आणि मॅन्युअलच्या हट्टापायी चांगली ४५० एसएल सोडून देणं मला पटत नाही.

पोर्शे ९११. १९६८ मॉडेलपासून १९८०पर्यंत यात स्पोर्टोमॅटिक मिळत असे. क्लचचं पेडल नाही, पण गिअर हातानेच टाकायचे. दांड्याला हात लागला की क्लच सुटतो. म्हणून गाडी चालवताना दांड्यावर हात ठेवून बसायचं नाही. ही गाडी मॅन्युअलही नाही आणि ऑटोमॅटिकही नाही. तिच्यासाठी ती यंत्रणा जाणणारा मेकॅनिक हवा.

एमजी टीसी, टीडी यांसारख्या गाड्या किंवा गोव्यातच तयार झालेली सॅन स्टॉर्म घ्यायची असेल तर प्रश्नच उरत नाही, त्या मॅन्युअलच आहेत.

सावधान : ‘सध्या ऑटोमॅटिक घेऊ, नंतर मॅन्युअल बसवून घेऊ’ या विचाराने गाडी घेऊ नका. त्यात फक्त गिअरबॉक्स बदलत नाही. पेडल बॉक्स, फ्लायव्हील, क्रँकच्या टोकातला बुश, खालचा क्रॉस मेंबर, प्रॉपेलर शाफ्टची लांबी, स्पीडोमीटरची केबल, कधी कधी डिफरन्शिअलचं गुणोत्तरही बदलावं लागतं. एखादा भाग मिळाला नाही की टनेल (गिअरबॉक्सवरचा पत्र्याचा उंचवटा) कापायची वेळ येते, आणि मग गाडी ना धड ही राहते ना ती.

## ३. कागद आणि नंबर जुळवा

पन्नास वर्षांहून जुन्या गाडीला २०२१च्या केंद्रीय नियमांनुसार ‘व्हिंटेज’ नोंदणी मिळते. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, नूतनीकरणाला ५,००० रुपये. नव्याने मिळणाऱ्या नंबरात राज्याच्या अक्षरांपुढे व्हीए येतं. पण दोन अटी नीट वाचा. गाडी मूळ रूपात हवी, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नको. आणि अशी गाडी रोजच्या वापरासाठी नाही. रॅली, प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती यांसाठीच ती रस्त्यावर आणता येते.

याचा गिअरबॉक्सशी संबंध काय? गिअरबॉक्स बदलताना कोणी टनेल किंवा चासी कापली असेल तर ‘मूळ रूप’ या शब्दांवर बोट ठेवलं जाऊ शकतं. आणि गाडी वर्षातून मोजक्या वेळाच निघणार असेल, तर ट्रॅफिकच्या भीतीने ऑटोमॅटिक घ्यायचं कारणही उरत नाही. नेहमीच्या नोंदणीवर गाडी फिरवायची असेल तर पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण झालेलं आहे का, ते आरसीवर बघा.

मग नंबर. ई-टाइपच्या चासी नंबराच्या शेवटी बीडब्ल्यू असेल तर ती जन्माने ऑटोमॅटिक. आत मॅन्युअल दिसत असेल तर कोणीतरी बदललेला आहे. मर्सिडीजच्या डेटा कार्डवर कारखान्यातून काय बसवलं होतं ते नोंदलेलं असतं. आपल्याकडच्या एमजीत आणखी एक गोष्ट बघावी लागते. अँबॅसेडरचं १४८९ सीसी इंजिन आणि एमजीए १५००चं इंजिन एकाच बीएमसी बी-सीरिज घराण्यातलं. त्यामुळे एमजीएमध्ये अँबॅसेडरचे भाग सहज सामावतात. गाडी त्यावर चालेल, पण किंमत मूळ गाडीची देऊ नका.

## ४. बघायला जाण्याआधी

विक्रेत्याला फोनवर स्पष्ट सांगा : इंजिन थंड ठेवा, मी आल्यावरच सुरू करायचं. पोहोचल्यावर बॉनेटला हात लावून बघा. गरम लागलं तर चहा घ्या, गप्पा मारा, पण थांबा. खराब सिंक्रो आणि उशिरा पकडणारा ऑटोमॅटिक, दोन्ही गाडी थंड असतानाच आपलं खरं रूप दाखवतात.

सोबत न्या : टॉर्च, पांढरा कागदी रुमाल, दोन लाकडी ठोकळे आणि गाडीच्या मूळ हँडबुकची प्रत. त्याच मॉडेलवर काम केलेला मेस्त्री मिळाला तर सोन्याहून पिवळं. गाडी मडगाव-फोंड्याच्या बाजूला असेल तर एखाद्या गॅरेजचा रॅम्प अर्ध्या तासासाठी आधीच सांगून ठेवा. खालून न बघता घेतलेली जुनी गाडी हा निव्वळ जुगार आहे.

## ५. मॅन्युअल असेल तर

उभ्या गाडीत. इंजिन सुरू करा, गिअर न्यूट्रलला, पाय क्लचवरून काढा. खरखर ऐकू येते का? क्लच दाबल्यावर ती थांबत असेल तर गिअरबॉक्सच्या आतलं बेअरिंग गेलेलं आहे. उलट, क्लच दाबल्यावरच आवाज सुरू होत असेल तर रिलीज बेअरिंग, म्हणजे पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारं बेअरिंग. एमजीबीसारख्या गाड्यांत हे बेअरिंग गोळ्यांचं नसून कार्बनच्या कड्याचं असतं. सिग्नलला क्लच दाबून उभं राहायची सवय असलेल्या मालकाकडे ते लवकर संपतं, आणि ते बदलायला इंजिन बाहेर काढावं लागतं. शंभर-दोनशेचा भाग नसतो तो, दोन-तीन दिवसांची मजुरी असते.

ट्रायम्फ स्पिटफायर किंवा टीआर६ बघत असाल तर ही तपासणी मुळीच चुकवू नका. एकाने क्लच दाबायचा, दुसऱ्याने टॉर्च घेऊन क्रँकच्या पुढच्या पुलीकडे बघायचं. क्लच दाबताना पुली डोळ्यांना दिसेल इतकी पुढे-मागे सरकली, तर आतले थ्रस्ट वॉशर (क्रँकला पुढे-मागे सरकू न देणाऱ्या चकत्या) झिजलेले आहेत. ते निखळून पडले तर ब्लॉकच कामातून जातो. पुली हलताना दिसली की मी ती गाडी तिथेच सोडतो, किंमत कितीही उतरली तरी.

क्लच दाबून मनात तीन आकडे मोजा आणि रिव्हर्स टाका. तरीही करकर झाली तर क्लच पूर्ण सुटत नाही. बहुतेक वेळा दोष हायड्रॉलिकचा असतो. क्लचचं तेल हवेतला ओलावा शोषतं आणि आपल्या दमट हवेत मास्टर आणि स्लेव्ह सिलिंडर आतून गंजतात. पेडलच्या वरच्या बाजूला रुमाल फिरवा. ओला झाला तर गळती आहे. ही दुरुस्ती स्वस्त आहे, गाडी नाकारायचं कारण नाही, किंमत कमी करायचं मात्र आहे.

रस्त्यावर. थंड गिअरबॉक्समध्ये तिसऱ्यावरून दुसऱ्यावर जरा घाईने या. दुसऱ्याचा सिंक्रो सर्वांत आधी जातो. थोडी करकर थंडपणी चालेल, गरम झाल्यावरही राहिली तर नाही. मग कुठ्ठाळीहून वेर्ण्याच्या पठारावर चढणारा रस्ता घ्या. चौथ्या गिअरमध्ये ताशी पन्नासला अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबा. इंजिनाचा आवाज चढला पण गाडीचा वेग नाही, तर क्लच प्लेट घसरते आहे. परतताना त्याच उतारावर दुसऱ्या, मग तिसऱ्या गिअरमध्ये पाय काढून घ्या. दांडा आपोआप न्यूट्रलला उडाला तर गिअर उडतोय. त्याला गिअरबॉक्स उघडण्याशिवाय उपाय नाही.

सिंक्रो नसलेल्या पहिल्या गिअरला दोष समजू नका. चालत्या गाडीत तो टाकायचा तर असं करा : क्लच दाबा, न्यूट्रल करा, क्लच सोडा, अ‍ॅक्सिलरेटरला एक हलकी टिचकी द्या, पुन्हा क्लच दाबा, गिअर टाका. हे हातापायात बसेपर्यंत मोकळ्या रस्त्यावर सराव करावा. विक्रेत्याला स्वतःलाच हे येत नसेल, तर त्याने इतकी वर्षं गिअरबॉक्सचे हाल केले असणार हे ओळखा.

तपासा : ओव्हरड्राइव्ह असेल तर गरम गाडीत बटण चारदा चालू-बंद करा. चालला नाही तर आधी वायर आणि गिअर ऑइलची पातळी बघायला सांगा. ‘छोटंसं वायरिंगचं काम आहे’ हे विक्रेत्याचं म्हणणं खरं असेल, तर तो ते विकण्याआधी करून देईल.

## ६. ऑटोमॅटिक असेल तर

इथे बघण्यासारखं कमी आणि समजून घेण्यासारखं जास्त असतं. म्हणूनच लोक जास्त फसतात.

तेल. डिपस्टिक काढून पांढऱ्या रुमालावर टेकवा. तांबडं आणि स्वच्छ असेल तर उत्तम. तपकिरी, जळका वास येणारं तेल म्हणजे आतल्या क्लच प्लेट जळल्यात. फिकट गुलाबी दुधासारखं दिसलं तर रेडिएटरमधला कूलर फुटून पाणी मिसळलंय, लगेच दूर व्हा. पातळी मात्र थंड गाडीत, इंजिन बंद ठेवून मोजू नका. गाडी बरेच दिवस उभी असली की टॉर्क कन्व्हर्टरमधलं (क्लचच्या जागी असणारा तेलाचा जोड) तेल खाली उतरतं आणि पातळी उगाच जास्त दिसते. बहुतेक गाड्यांत गरम तेलावर, इंजिन चालू ठेवून मोजायची असते. दांडा पी ला की एन ला, ते हँडबुकमध्ये बघा. कमी दिसलं म्हणून भसाभस ओतलेलं तेल फेसाळतं आणि गिअर घसरू लागतात.

सावधान : जुन्या बोर्ग-वॉर्नर ३५ला आणि फोर्डच्या सी४ला टाइप एफ तेल लागतं, मर्सिडीजला डेक्सरॉन जातीचं. ‘लाल तेल सगळं सारखंच’ म्हणणाऱ्या गॅरेजात गाडी उघडू देऊ नका.

पकड. ब्रेकवर पाय ठेवून दांडा न्यूट्रलमधून डी मध्ये घ्या. एक-दोन सेकंदांत हलका झटका देऊन गाडीने पकडलं पाहिजे. मग रिव्हर्समध्येही तसंच. थंडीत पहिल्यांदा थोडा उशीर लागला तर लगेच नापास करू नका. गाडी गरम झाल्यावर पुन्हा बघा. तेव्हाही तीन-चार सेकंद लागत असतील तर आतली सीलं गेली आहेत. जोराचा दणका बसत असेल तर आधी इंजिनाचं आयडल, फाउंडेशन (इंजिन ज्यांवर बसतं ती रबरं) आणि प्रॉपेलर शाफ्टचे क्रॉस (सांधे) बघा. बरेच दणके गिअरबॉक्सचे नसतातच.

इंजिन फक्त पी आणि एन मध्येच सुरू झालं पाहिजे. गाडी उतारावर उभी करा, चाकांपासून थोडं अंतर सोडून ठोकळे लावा, पी मध्ये टाकून हँडब्रेक हळूच सोडा. एक पाय ब्रेकपाशी ठेवा. गाडी ठोकळ्यावर टेकली तर पार्किंगचा खटका झिजलाय.

चालवताना. कुठ्ठाळीच्या त्याच चढावर हलक्या पायाने जा आणि गिअर कधी बदलतो ते ऐका. मग अ‍ॅक्सिलरेटर तळाला टेकवा. खालचा गिअर पडला पाहिजे. गिअर बदलताना मधेच इंजिन मोकळं फिरून आवाज चढत असेल, तर ती घसरण आहे. मर्सिडीजच्या काही ऑटोमॅटिक गाड्या सावकाश निघताना मुळात दुसऱ्या गिअरमध्येच सुटतात, त्याला ‘पिकअप गेलं’ म्हणू नका.

मागून पांढरा धूर येतोय, तेल कमी होतंय, पण खाली थेंबही पडत नाही? मग व्हॅक्यूम मॉड्युलेटरचा (इंजिनाच्या ओढीनुसार गिअर बदलणं जुळवणारा भाग) पडदा फाटून इंजिन गिअरबॉक्सचं तेल ओढत असेल. त्याची नळी काढून आत लाल तेल आहे का बघा. भाग छोटा आहे, पण त्यापायी ‘इंजिनाचं काम निघालं’ म्हणून गाडी उघडलेली मी पाहिली आहे.

एवढं करून ट्रॅफिकमध्ये वीस मिनिटं गाडी चालवा, इंजिन बंद न करता. जुना तीन गिअरचा ऑटोमॅटिक संथ ट्रॅफिकमध्ये तापतो, आणि तापल्यावरच त्याचे बहुतेक दोष बाहेर पडतात. सकाळच्या गारव्यात पाच मिनिटांची चक्कर मारून ‘झकास आहे’ म्हणणं ही सर्वांत महाग चूक.

## ७. उघडणार कोण?

मॅन्युअल गिअरबॉक्स उघडून बेअरिंग-बुश बदलणारे हात गोव्यात मिळतात. शाफ्ट घासून किंवा बुश कातून घ्यायचे तर बेळगाव-कोल्हापूरची वर्कशॉप जवळ आहेत. जुन्या ऑटोमॅटिकचं तसं नाही. व्हॉल्व्ह बॉडी (तेलाचा दाब वाटून गिअर बदलणारा भाग) उघडणारा, पॅकिंग किट मागवून घेणारा आणि काम झाल्यावर दाब मोजणारा माणूस आधी शोधा, त्याच्याशी बोला, त्याने असा गिअरबॉक्स पूर्वी केला आहे का ते विचारा. गिअरबॉक्स मुंबईला किंवा बंगळूरला पाठवावा लागणार असेल तर गाडी कित्येक महिने ठोकळ्यांवर उभी राहील, हे धरूनच किंमत बोला. असा माणूस सापडला नाही, तर ऑटोमॅटिक फक्त निर्दोषच घ्यायची. ‘थोडं काम आहे’ अशी नाही.

मॅन्युअलमध्ये थोडं काम असलेली घेतली तरी चालते, पण मॉडेल बघून. स्पिटफायर किंवा टीआर६चा गिअरबॉक्स टनेलचं झाकण काढून गाडीच्या आतूनच वर घेता येतो. ई-टाइपमध्ये क्लचसाठी इंजिन आणि गिअरबॉक्स दोन्ही बाहेर.

## ८. घेतल्यावर

ऑटोमॅटिकचं तेल आणि फिल्टर बदला. पॅनच्या तळाशी करड्या रंगाची बारीक पूड असेल तर ठीक. धातूचे कण किंवा काळ्या कपच्या दिसल्या तर गाडी चालवणं थांबवा. मशीन लावून दाबाने सगळं तेल धुऊन काढण्याच्या फंदात पडू नका. रेडिएटरपुढे एक छोटा जादा कूलर लावा, मात्र काहीही न कापता, नंतर काढता येईल असा.

मॅन्युअलचं गिअर ऑइल हँडबुकप्रमाणे भरा. ओव्हरड्राइव्ह असेल तर त्यालाही तेच तेल जातं, तेव्हा दुकानदाराच्या सल्ल्याने भलतंच घट्ट तेल भरू नका. क्लचचं हायड्रॉलिक तेल दरवर्षी बदला.

जून ते सप्टेंबर गाडी नुसती उभी ठेवली की क्लच प्लेट गंजून फ्लायव्हीलला चिकटते, आणि ऑटोमॅटिकची सीलं कोरडी पडतात. पंधरा दिवसांतून एकदा पाऊस उघडला की गाडी बाहेर काढा, चांगली गरम होईपर्यंत चालवा आणि सगळे गिअर एकदा टाका. गॅरेजमध्ये पाच मिनिटं इंजिन सुरू ठेवणं पुरत नाही.

शेवटी घाटासाठी एक गोष्ट. ऑटोमॅटिक गाडी अनमोड किंवा चोर्ल्यात बंद पडली तर मागची चाकं रस्त्यावर ठेवून टोचन करू देऊ नका. इंजिन बंद असताना गिअरबॉक्सचा पंप फिरत नाही आणि आतले भाग तेलाविना जळतात. फ्लॅटबेड मागवा. नाहीच मिळाली तर प्रॉपेलर शाफ्ट सोडवा, मगच ओढा. त्या शाफ्टच्या नटांना बसणारा पाना डिकीत ठेवा आणि फ्लॅटबेडवाल्याचा नंबर विम्याच्या कागदांबरोबर.